क्षयाचा जमाखर्च

शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ सालच्या सप्टेंबरात ठरावाने स्वीकारली आणि त्यांपैकी आरोग्यविषयक तिसऱ्या उद्दिष्टात क्षयरोगाची साथ २०३० पर्यंत संपुष्टात आणण्याचे वचन नमूद केले, तेव्हा त्या वचनाचा सर्वांत मोठा भार ज्या राष्ट्राच्या शिरावर पडला ते राष्ट्र आपले होते. कारण जगातील दर चार क्षयरुग्णांमागे सुमारे एक रुग्ण भारतातला असतो. हे वचन पाळण्याच्या कामी सरकारी पैशाने चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनाचा उपयोग कितपत होतो, आणि होत असल्यास त्या पैशाचा हिशेब कोणत्या मापाने घ्यावयाचा, या प्रश्नावर माझ्या परिचयातील दोन वयोवृद्ध गृहस्थांमध्ये जे संभाषण झाले ते मी येथे माझ्या शब्दांत देत आहे. दोघेही सेवानिवृत्त. त्यांपैकी भाऊसाहेबांनी सारी उमर महालेखापालांच्या कचेरीत निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तपासण्यात घालविली, आणि खर्ची पडलेल्या प्रत्येक रुपयाने आपला दाखला रुजू केला पाहिजे ही त्यांची श्रद्धा आजही ढळलेली नाही. डॉक्टरांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकविले. दोघांचा स्नेह जुना आणि मतभेदही तितकाच जुना.

भाऊसाहेब : डॉक्टर, ज्ञानाला माझा विरोध नाही, ज्ञानाच्या नावावर खर्ची पडणाऱ्या रकमांबद्दल मी बोलतो आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली जगाला दाखविला. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले आणि आयसोनियाझिडची गोळी १९५२ पासून मिळू लागली. म्हणजे रोगाचे कारण कळून एकशेचाळीस वर्षे आणि औषध हाती येऊन सत्तर वर्षे उलटली. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दप्तरी दाखल आहे त्याच्या शोधासाठी तिजोरीतून पुन्हा पुन्हा तरतूद करावयाची, आणि त्याच सुमारास तालुक्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्र असेल तर ते चालविणारा माणूस नसावा, हा जमाखर्च मला कधी जुळवता आलेला नाही. शिवाय आयसोनियाझिडचा गुण कोणत्या सरकारी प्रयोगशाळेने ओळखला? तीन व्यापारी कंपन्यांनी. मग संशोधन त्यांच्याकडे सोपवावे आणि सरकारने दवाखाने नीट चालवावेत, यात चूक काय?

डॉक्टर : दाखला खरा आहे, आणि त्याला थोडी पुरवणी जोडली तर तो अधिकच बोलका होईल. ते रसायन १९१२ साली प्रागमध्ये दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तयार करून ठेवले होते. क्षयावर त्याचा गुण येतो हे पुढची चाळीस वर्षे कोणालाच उमगले नाही. ते उमगले तेव्हा तिन्ही कंपन्यांना जवळजवळ एकदमच उमगले, आणि रसायन जुने असल्यामुळे त्यावर एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, हक्क कोणालाच सांगता आला नाही. गोळी स्वस्त झाली ती या योगायोगाने. परंतु गोळी सापडणे निराळे आणि त्या गोळीने एक गरीब देश बरा होणे निराळे. गोळी कोणाला द्यावयाची, कोठे ठेवून द्यावयाची, किती महिने द्यावयाची, रोगी ती घेतो की खिडकीतून टाकतो, घरातल्या मुलाबाळांचे काय होते, हे सारे प्रश्न १९५२ साली अनुत्तरित होते. आणि त्यांचे उत्तर शोधून देण्यात कोणाही व्यापाऱ्याचा एक पैशाचा लाभ नव्हता.

भाऊसाहेब : मग ते कोणी शोधले?

हा प्रश्न भाऊसाहेबांनी खरोखरच जाणून घेण्याच्या इच्छेने विचारला, आणि डॉक्टरांनीही घाई न करता उत्तर दिले. मद्रासच्या ज्या प्रयोगाची हकीकत त्यांनी सांगितली, ती आपल्याकडील सुशिक्षितांनाही फारशी ठाऊक नसते, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

डॉक्टर : १९५६ साली मद्रास शहरात एक केंद्र उघडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद या चौघांच्या भागीदारीतून ते उभे राहिले आणि चौघांचाही पैसा सार्वजनिक होता. ब्रिटिश परिषदेचे डॉ. वॉलेस फॉक्स केंद्राचे प्रमुख होते. त्या काळची सर्वमान्य समजूत अशी की, क्षयरोग्याला मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी-मांसाचा पौष्टिक आहार आणि कुटुंबापासून दूर वास्तव्य या चार गोष्टी लाभल्याखेरीज तो बरा होत नाही. ही समजूत युरोपात परवडणारी होती. आपल्याकडे रोगी लाखांनी आणि सॅनेटोरियममधल्या खाटा काही हजारांनी. तेव्हा ती समजूत खरी धरली तर बहुसंख्य रोग्यांना मरणाच्या हवाली करण्यावाचून मार्गच उरत नव्हता. केंद्राने शहरातील गरीब, दाटीच्या वस्त्यांमधले १९३ रोगी निवडले आणि कोणी सॅनेटोरियममध्ये जावे व कोणी आपल्या घरीच राहावे हे वैद्यांच्या मर्जीवर न ठेवता निव्वळ यदृच्छेने ठरविले. औषधे दोन्ही गटांना तीच : वर्षभर आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. सॅनेटोरियममधल्या रोग्याला खाट, परिचारिका आणि भरपूर जेवण. घरच्या रोग्याला तीच कोंदट खोली, तेच अपुरे अन्न, आणि बऱ्याच जणांना कामधंदाही चुकलेला नाही. रोगी औषध खरोखर घेतो की नाही याची खात्री करण्यासाठी केंद्रातील माणसे आगाऊ न कळविता घरी जात, उरलेल्या पुड्या मोजत, आणि लघवी तपासून औषध पोटात गेले आहे की नाही ते पाहत.

भाऊसाहेब : आगाऊ न कळविता तपासणी हा आमच्या खात्याचाही शिरस्ता. त्याखेरीज शिल्लक खरी कळत नाही.

डॉक्टर : वर्षाअखेरीस शिल्लक निघाली ती अशी. सॅनेटोरियममधील शंभरांपैकी ९२ आणि घरच्या शंभरांपैकी ८६ रोग्यांचा रोग शमला होता. कुटुंबीयांवर पुढे पाच वर्षे नजर ठेवली. रोगी घरी राहिल्यामुळे घरच्यांना क्षय अधिक प्रमाणात जडला असे आढळले नाही. पहिल्या वर्षाचा अहवाल १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला, आणि त्यानंतर क्षयरोग्याला माणसांतून उठवून डोंगरावर किंवा माळावर नेऊन ठेवण्याचा शास्त्रीय आधारच संपला. केवळ आपल्याकडे नव्हे. आफ्रिकेत, आग्नेय आशियात, खुद्द इंग्लंडातही. औषध विकणाऱ्याला रोगी खाटेवर आहे की चटईवर याने काही फरक पडत नव्हता, आणि सॅनेटोरियमच्या विश्वस्तांनी आपल्याच खाटा अनावश्यक आहेत हे सिद्ध करण्यासाठी वर्गणी काढली असती असे मला वाटत नाही.

मिरजेजवळच्या किंवा पुण्याजवळच्या औंधच्या क्षयरुग्णालयाचे नाव निघाले की घरातली वडीलधारी माणसे आवाज खाली आणीत, तो काळ माझ्या पिढीने शेवटच्या टप्प्यात का होईना पाहिला आहे. घरातला कर्ता पुरुष तेथे गेला की पगार थांबे, मुलांची शाळा सुटे, आणि तो परत आला तरी त्याचा पेला वेगळा ठेवला जाई. मद्रासच्या प्रयोगाने वाचविलेला पैसा रुग्णालयांच्या हिशेबात दिसेल. परंतु कुटुंबे अखंड राहिली आणि रोग्यांचा संसार उपचाराच्या काळातही चालू राहिला, ही मिळकत कोणत्याही खतावणीत नोंदलेली नाही.

भाऊसाहेबांनी एवढे सारे मान्य केले, परंतु माघार घेतली नाही.

भाऊसाहेब : १९५६ चा प्रयोग मी मंजूर करतो. पण त्यानंतरच्या पासष्टांहून अधिक वर्षांचा हिशेब द्या. क्षयनिर्मूलनाच्या जागतिक धोरणात रोगाचे नवे प्रमाण २०१५ च्या मानाने २०३० पर्यंत ऐंशी टक्क्यांनी घटवावयाचे ठरले. आपल्या सरकारने तर मुदत आणखी पाच वर्षे अलीकडे, २०२५ वर, आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०१५ साली भारतात दर लाख लोकांमागे वर्षाला २३७ जणांना क्षय होत होता, २०२३ साली १९५ जणांना. आठ वर्षांत घट अठरा टक्क्यांच्या आसपास. एखाद्या धरणाच्या कामाची प्रगती या दराने झाली असती, तर मी त्या अभियंत्याला खुलासा विचारला असता. औषध ठाऊक, उपचाराची रीत ठाऊक, आणि घट एवढीच. याचा अर्थ उणीव ज्ञानाची नसून अंमलबजावणीची आहे. आणि अंमलबजावणीला संशोधक लागत नाहीत, माणसे आणि पैसा लागतो.

डॉक्टर : अंमलबजावणी कोठे अडते हेही शोधूनच काढावे लागते. १९६० च्या सुमारास सरकारी अधिकाऱ्यांची खात्री होती की खेड्यातला माणूस अडाणी आहे, खोकला आला तरी तो दवाखान्यात येत नाही, म्हणून प्रचारावर खर्च केला पाहिजे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन रोग्यांनाच विचारले. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अधिकाऱ्यांना बोचणारा होता. बहुसंख्य रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती, त्यांपैकी पुष्कळ जण आपल्या पायांनी दवाखान्यात आलेही होते, आणि तेथून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत गेले होते. अडाणीपणा शोधायला गेलेल्या सरकारला आपल्याच दवाखान्यातला दोष सापडला. हा दोष सरकारच्याच पैशाने उघडकीस आला, हे मला महत्त्वाचे वाटते.

भाऊसाहेब : आणि जेथे काहीच हाती लागले नाही तो खर्च? मद्रासजवळच्या चिंगलपट जिल्ह्यात बीसीजी लसीची जी प्रचंड चाचणी झाली, तिच्याबद्दल मी वाचले आहे. लाखो माणसे, वर्षानुवर्षे पाठपुरावा, आणि शेवटी फलित काय, तर लसीचा उपयोग नाही!

डॉक्टर : प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला ती लस आळा घालीत नाही, असे १९७९ च्या पहिल्या अहवालात निघाले. बालकांना होणाऱ्या उग्र प्रकारांपासून ती संरक्षण देते म्हणून ती आजही जन्मतः टोचतात. परंतु भाऊसाहेब, क्षणभर उलट बाजूने विचार करा. ही चाचणी झालीच नसती तर बीसीजी टोचली म्हणजे क्षयाची चिंता मिटली अशा भ्रमात आपण आणखी किती पिढ्या काढल्या असत्या? नकारार्थी उत्तर निघाले तरी ते दडपायचे नाही, जगापुढे मांडायचे, हे लस विकणाऱ्याला जमणे कठीण. लेखापरीक्षकाने तरी त्या खर्चाला वाया गेलेला म्हणू नये. तुम्ही एखाद्या खात्यात अफरातफर सापडली नाही म्हणून तपासणीचा खर्च फुकट गेला असे कधी म्हटलेत काय?

भाऊसाहेब यावर काही वेळ बोलले नाहीत. आणि बोलले ते नव्याच बाजूने. त्यांचा हा मुद्दा मला सर्वांत बिनतोड वाटला व अजूनही वाटतो.

भाऊसाहेब : बरे, मान्य. सार्वजनिक पैशाने व्यापारी न विचारणारे प्रश्न विचारले जातात. पण त्याच पैशाने निघालेला माल व्यापाऱ्याच्या दुकानात गेला तर? बेडाक्विलिनचे उदाहरण घ्या. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर चार दशकांनंतर आलेले हे नवे औषध. ज्यांनी त्याच्या विकासाच्या खर्चाचा तपास केला त्यांचा अंदाज असा की, औषध काढणाऱ्या कंपनीच्या पदरच्या गुंतवणुकीच्या दीडपटीहून अधिक, कदाचित पाचपट, पैसा सरकारी व लोकोपयोगी निधीतून आलेला आहे. एकस्वाचा हक्क मात्र कंपनीच्या नावे. म्हणजे रयतेने संशोधनाला एकदा पैसा द्यावयाचा आणि औषध घेताना दुसऱ्यांदा. आमच्या भाषेत याला दुबार वसुली म्हणतात.

डॉक्टर : येथे मी तुमच्या बाजूला आहे. सरकार संशोधनाला पैसा देते तेव्हा त्या करारनाम्यात किमतीची अट घालणे हा सरकारचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही आहे. त्याच तिसऱ्या उद्दिष्टाच्या पोटात एक कलम आहे. गरीब देशांना ग्रासणाऱ्या रोगांवरील लसी व औषधे यांच्या संशोधनाला साहाय्य द्यावे, आणि ती औषधे परवडणाऱ्या दरात मिळावीत म्हणून २००१ च्या दोहा घोषणेने एकस्वांच्या नियमांत दिलेली मोकळीक वापरावी, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे ती मोकळीक वापरली कोणी? मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी. क्षयाच्या जुन्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. बेडाक्विलिनच्या एकस्वाची मुदत आणखी वाढविण्याच्या अर्जाला त्यांनी २०१९ साली हरकत घेतली आणि २०२३ च्या मार्चमध्ये भारतीय एकस्व कार्यालयाने तो अर्ज फेटाळला.

या दोन तरुणींचे नाव घेताना डॉक्टरांच्या आवाजात जो आदर होता तो माझ्याही मनात आहे. सरकारी खजिन्याच्या वतीने जी हरकत सरकारनेच नोंदवावयास हवी होती, ती रोगातून उठलेल्या दोन मुलींनी नोंदविली. तिसऱ्या उद्दिष्टातले ते कलम भारतात अंमलात आले ते असे.

यानंतर संभाषण झारखंडकडे वळले, आणि त्याचे कारण भाऊसाहेबांनी मद्रासच्याच प्रयोगावर घेतलेली एक शंका.

भाऊसाहेब : तुम्ही म्हणालात, घरचे रोगी अर्धपोटी राहूनही बरे झाले. म्हणजे क्षयाला अन्नाची गरज नाही, औषध पुरे, असेच ना ठरले?

डॉक्टर : तसेच ठरविण्यात आले, आणि तेथे आमच्या शास्त्राच्या हातून फार मोठी गोष्ट निसटली. मद्रासच्या प्रयोगाने विचारलेला प्रश्न मर्यादित होता : पौष्टिक आहाराखेरीज औषधाचा गुण येतो काय? त्याचे उत्तर ‘येतो’ असे आले आणि ते बरोबर होते. परंतु त्या उत्तराचा आधार घेऊन राष्ट्रीय कार्यक्रमातून अन्नाचा विचारच काढून टाकण्यात आला. उपाशी माणसाला क्षय अधिक होतो काय, आणि रोग्याच्या घरच्यांना पोटभर खायला घातले तर त्यांना होणारा क्षय टळतो काय, हा निराळा प्रश्न. स्ट्रेप्टोमायसिन निघण्यापूर्वीच इंग्लंडात क्षयाचे मृत्यू दशकानुदशके घटत आले होते, हे सर्वांना ठाऊक होते. तरी तो प्रश्न कसोशीने विचारला जायला साठ वर्षे लागली.

तो प्रश्न विचारला गेला २०१९ च्या ऑगस्टपासून झारखंडमध्ये. पैसा पुन्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आणि सहभागी संस्थांत मद्रासच्या त्याच जुन्या केंद्राची उत्तराधिकारी, चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. डॉ. अनुराग भार्गव हे प्रयोगाचे प्रमुख. चार जिल्ह्यांतील २८ क्षय-घटकांमधून, म्हणजे क्षय-कार्यक्रमाच्या स्थानिक विभागांमधून, २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे. रोग्यांच्या प्रकृतीचे मान असे की पाचांपैकी चार कृश आणि जवळजवळ निम्मे अतिकृश. प्रत्येक रोग्याला महिन्याला दहा किलोंचा शिधा, त्यात तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. औषधोपचार चालू असेपर्यंत, म्हणजे बहुधा सहा महिने. हा शिधा दोन्ही गटांतल्या रोग्यांना मिळाला, कारण उपाशी रोग्याला तुलनेसाठी उपाशीच ठेवणे कोणाच्याही विवेकाला पटण्यासारखे नव्हते. फरक केला तो कुटुंबीयांत. अर्ध्या घटकांमधील कुटुंबीयांना माणशी महिना पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, उरलेल्यांना दिली नाही. करोनाची टाळेबंदी मध्येच आली. पाठपुरावा २०२२ च्या जुलैपर्यंत चालला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत शिधा गेला तेथे क्षयाचे नवे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी. रोग्यांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी घटलेला. तांदूळ आणि डाळ यांवर एकस्व कोणाला मिळत नाही. म्हणून हा प्रयोग करण्यास जगात सरकारवाचून दुसरे कोणी पुढे आले नसते.

भाऊसाहेबांनी खिशातून कागद काढून आकडेमोड केली, आणि ती त्यांनी मनापासून केली.

भाऊसाहेब : एक क्षय टाळण्यासाठी किती जणांना शिधा द्यावा लागला?

डॉक्टर : सुमारे तीस कुटुंबे; माणसे एकशेअकरा. खर्च माणशी महिना चार डॉलर, म्हणजे तीनशे रुपयांच्या आतबाहेर.

भाऊसाहेब : एकशेअकरा गुणिले सहा महिने गुणिले तीनशे, एक लाख नव्व्याण्णव हजार आठशे. टाळलेल्या एका क्षयामागे दोन लाख रुपये. हा खर्च आरोग्य खात्याच्या कोणत्याही सचिवाला जड वाटेल.

डॉक्टर : जड वाटेल, कारण तुम्ही त्या दोन लाखांच्या जमेच्या बाजूला फक्त एक टाळलेला क्षय लिहिलात. त्या रोग्याने ज्यांना संसर्ग केला असता ती माणसे लिहिली नाहीत, त्याची बुडालेली मजुरी लिहिली नाही, आणि एकशेअकरा माणसे सहा महिने भुकेली राहिली नाहीत हेही लिहिले नाही. दुसरे उद्दिष्ट भूक संपविण्याचे आहे, पहिले दारिद्र्याचे.

यावर भाऊसाहेब जे बोलले ते डॉक्टरांना सुचण्यासारखे नव्हते; ते ज्याने चाळीस वर्षे अंदाजपत्रके वाचली आहेत त्यालाच सुचावे.

भाऊसाहेब : थांबा. अडचण रकमेची नाही, लेखाशीर्षाची आहे. धान्याचा खर्च पडतो अन्नपुरवठा खात्याच्या शीर्षाखाली. त्यापासून होणारी बचत दिसते आरोग्य खात्यात, तीही दोन-तीन वर्षांनी. वाचलेली मजुरी तर सरकारच्या कोणत्याच पुस्तकात येत नाही. ज्या अधिकाऱ्याने खर्च करावयाचा त्याच्या पदरी जमा काहीच पडत नाही, आणि ज्याला जमा मिळते त्याला खर्च करण्याचा अधिकार नाही. आम्ही तपासनीस प्रत्येक शीर्ष आपल्या जागी बरोबर आहे की नाही तेवढे पाहत आलो. झारखंडच्या या अहवालात, माझ्या पाहण्यात तरी, पहिल्यांदाच दोन्ही रकाने एका पानावर आले आहेत. असल्या संशोधनाला तरतूद हवी, हे मी आता लिहून देईन.

माझ्या मते या साऱ्या चर्चेतील खरे सार भाऊसाहेबांच्या या उद्गारात आहे. सतरा उद्दिष्टांची यादी कागदावर सतरा रकान्यांत विभागलेली असते, आणि राज्यकारभारही तसाच खात्यांत विभागलेला असतो. परंतु क्षयाने खंगलेल्या माणसाच्या घरी दारिद्र्य, भूक, कोंदट खोली, शाळा सुटलेली मुलगी आणि रोग ही सारी एकाच छपराखाली राहतात. त्या घरात जाऊन एका गोष्टीचा दुसरीशी काय संबंध आहे हे मोजून सांगणारी यंत्रणा सार्वजनिक संशोधनाखेरीज दुसरी नाही. आणि आपल्या देशाने २०२०-२१ साली शास्त्रीय संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च केला. परदेशच्या पैशावर विसंबून राहण्यातील धोकाही नुकताच दिसला. क्षयसंशोधनाला जगात सर्वांत अधिक पैसा अमेरिकेच्या सरकारकडून मिळत असे. २०२५ च्या आरंभी त्या सरकारने परदेशी साहाय्य थांबविले तेव्हा चालू असलेल्या काही चाचण्या मध्येच बंद पडल्या.

भाऊसाहेबांनी निघता निघता एक शेवटची चौकशी केली.

भाऊसाहेब : मग झारखंडच्या निष्कर्षावर हुकूम काय निघाला?

डॉक्टर : रोग्याला आहारासाठी २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते एक हजार झाले, आणि कृश रोग्यांना पहिले दोन महिने पोषक आहार देण्याचे ठरले. ही प्रगतीच म्हटली पाहिजे. कुटुंबीयांचा शिधा मात्र ‘निक्षय मित्र’ योजनेत घातला आहे. म्हणजे कोणी देणगीदार पुढे आला तर मिळेल.

भाऊसाहेब : म्हणजे सरकारी पैशाने सिद्ध झालेले उत्तर देणगीवर सोडले.

डॉक्टर : तूर्त तसेच आहे.

जिल्ह्याच्या नियोजन समितीवर, जिल्हा परिषदेत किंवा विधिमंडळात ज्या वाचकांचा कोणाशी परिचय असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी येत्या अंदाजपत्रकापूर्वी एवढे विचारावे : नोंद झालेल्या क्षयरोग्याच्या घरच्या माणसांना महिना पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ देण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली धरला आहे? उत्तर लेखी मागावे.